रेपो ते प्रॉडक्शन : प्रस्तावना

बारावीचा निकाल, बँकेतली शिल्लक, एसटीचं आरक्षण, वीजबिल, दवाखान्यातला नंबर : यातलं बहुतेक काम आता कुठल्यातरी सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर होतं. हे सॉफ्टवेअर एकदा लिहिलं की संपलं, असं कधीच होत नाही. त्यात सतत दुरुस्त्या होतात, नव्या सोयी येतात, सुरक्षेतल्या फटी बुजवाव्या लागतात. असा प्रत्येक बदल प्रोग्रामरच्या लॅपटॉपवरून निघून लोक वापरत असलेल्या सर्व्हरपर्यंत पोहोचवणं म्हणजे डिप्लॉयमेंट. अभ्यासक्रमात प्रोग्रामिंगच्या भाषा असतात, डेटा स्ट्रक्चर असतात, डेटाबेसही असतात; पण लिहिलेला कोड लोकांपर्यंत न्यायचा कसा, हे बहुतेक जण नोकरीला लागल्यावर शेजारी बसणाऱ्या सीनियरकडून शिकतात. तोही ते असंच कुणाकडून तरी शिकलेला असतो.

हे पुस्तक त्या कामाबद्दल आहे. कोड रिपॉझिटरीत, म्हणजे रेपोत, बदल मर्ज झाला की तो आपोआप तपासला जावा, स्टेजिंगवर चढावा आणि तिथून प्रॉडक्शनला जावा, ही व्यवस्था कशी उभी करायची आणि कशी सांभाळायची, हा त्याचा विषय.

ऑटोमेशनची चर्चा बहुधा वेगापासून सुरू होते. वेग मिळतो, पण तो मागाहून. पहिला लाभ वेगळा आहे. डिप्लॉयमेंट हाताने होत असतं तेव्हा ते कसं करायचं हे एक-दोन माणसांनाच ठाऊक असतं. कोणती सर्व्हिस आधी थांबवायची, कोणती फाइल कुठे ठेवायची, कोणत्या कमांडनंतर दोन मिनिटं थांबायचं, हे सगळं त्यांच्या आठवणीत असतं. तो माणूस रजेवर गेला की रिलीज अडतो आणि नोकरी सोडून गेला की टीम घाबरते. हेच ज्ञान फाइलमध्ये उतरून कोडच्या शेजारी रेपोत येऊन बसलं की नवखी मुलगीही ते वाचू शकते, त्यावर प्रश्न विचारू शकते आणि त्यातली चूक दुरुस्त करू शकते. ज्ञान एकाच्या डोक्यातून सगळ्यांच्या नजरेसमोर येतं. ऑटोमेशनचा खरा अर्थ आम्ही हा मानतो आणि या पुस्तकाची मांडणी त्याच भूमिकेतून केली आहे.

स्टेजिंग, प्रॉडक्शन आणि मधला रस्ता

नव्या वाचकासाठी आधी काही मूलभूत गोष्टी. एकच सॉफ्टवेअर सहसा निदान तीन ठिकाणी चालत असतं. पहिलं ठिकाण प्रोग्रामरचा संगणक, जिथे मोडतोड करायला पूर्ण मुभा असते. दुसरं स्टेजिंग, म्हणजे नाटकाची रंगीत तालीम : तोच वेश, तोच नेपथ्य, तीच प्रकाशयोजना, फक्त समोर तिकीट काढलेला प्रेक्षक नाही. तिसरं प्रॉडक्शन, जिथे खरी माणसं, खरे पैसे आणि खरी माहिती असते.

स्टेजिंगचा उपयोग ते प्रॉडक्शनसारखं असेल तेवढाच. डेटाबेसची आवृत्ती वेगळी, ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, डेटा जेमतेम शंभर ओळींचा, असं असेल तर स्टेजिंगवर सगळं हिरवं दिसूनही प्रॉडक्शनवर कोड कोसळतो. त्यातून या क्षेत्रातला पहिला मोठा नियम आला : बिल्ड एकदाच करायचा आणि तोच, जसाच्या तसा, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायचा. स्टेजिंगसाठी एक बिल्ड आणि प्रॉडक्शनसाठी दुसरा केला, तर तपासली ती वस्तू वेगळी आणि लोकांच्या हाती दिली ती वेगळी, असं होतं. जे बदलायचं ते बाहेर ठेवायचं : डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, पेमेंट गेटवेची किल्ली. हे कन्फिगरेशन प्रत्येक ठिकाणचं वेगळं. कोड मात्र तोच.

या ठिकाणांना जोडणाऱ्या रस्त्याला पाइपलाइन म्हणतात. रेपोत कमिट आला की पाइपलाइन जागी होते. ती कोड उचलते, बिल्ड करते, टेस्ट चालवते, बिल्डवर त्या कमिटची खूण लावून तो जपून ठेवते, स्टेजिंगवर चढवते, तिथे ॲप उभं राहिलं का हे विचारून पाहते आणि मग परवानगी मिळाल्यावर किंवा आपणहून प्रॉडक्शनकडे जाते. कुठल्याही टप्प्यावर काही फसलं तर ती तिथेच थांबते. ही थांबण्याची शिस्त फार मोलाची आहे. रात्री उशिरा दमलेला माणूस "बघू पुढे" म्हणून एखादी लाल ओळ नजरेआड करू शकतो. पाइपलाइन तसं करत नाही.

तपासणी इथेच संपत नाही. नवा बिल्ड चढल्यावर त्रुटींचं प्रमाण वाढलं का, उत्तर यायला वेळ लागतो आहे का, यावर नजर ठेवणं आणि गरज पडली तर आधीच्या बिल्डवर परतणं, हेसुद्धा डिप्लॉयमेंटचेच भाग. परतीची वाट ठरवल्याशिवाय निघायचं नाही, हा दुसरा मोठा नियम.

इथवरची वाटचाल

या विषयाची मुळं आपल्याला वाटतं त्याहून जुनी आहेत. कोडच्या आवृत्त्या जपून ठेवणारी एससीसीएस ही प्रणाली मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सुरू केली. तिथेच १९७६ मध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' लिहिलं. निमित्त साधंच होतं. त्यांच्या एका सहकाऱ्याने एका बगच्या मागे अर्धा दिवस घालवला होता; प्रत्यक्षात बग आधीच दुरुस्त झाला होता, पण ती फाइल नव्याने कंपाइल करायची राहून गेली होती. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे हे माणसाने लक्षात ठेवण्याऐवजी एका मेकफाइलमध्ये लिहून ठेवायचं, हा फेल्डमन यांचा उपाय. पुढच्या पन्नास वर्षांतली जवळजवळ प्रत्येक सुधारणा याच विचाराचा विस्तार आहे.

पुढचा टप्पा एकत्र काम करण्याचा. दहा जण महिनाभर वेगवेगळा कोड लिहीत आणि शेवटी तो एकत्र करताना आठवडे खर्ची पडत. जे इतकं दुखतं ते वारंवार आणि थोडंथोडं करावं, हा १९९० च्या दशकाच्या अखेरीस केंट बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगमध्ये धरलेला आग्रह. कंटिन्युअस इंटिग्रेशन हे नाव ग्रेडी बूच यांनी त्याआधीच वापरलं होतं; मार्टिन फाउलर यांच्या २००० सालच्या लेखाने ही पद्धत जगभर पोहोचवली. २००१ मध्ये थॉटवर्क्सच्या लोकांनी क्रूझकंट्रोल हा सर्व्हर बाहेर आणला. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये काम करणाऱ्या कोह्सुके कावागुची यांनी हडसन लिहिलं. सन विकत घेणाऱ्या ओरॅकलशी झालेल्या वादानंतर २०११ मध्ये त्याचंच जेंकिन्स झालं. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी अभियंत्यांनी ऑटोमेशनचे पहिले धडे जेंकिन्सवरच गिरवले.

हे सगळं बिल्ड आणि टेस्टपर्यंतचं. सर्व्हरवर कोड चढवण्याचं काम मात्र बराच काळ हातानेच चालू राहिलं. वेबसाइटच्या फाइली एफटीपीने ओढून टाकायच्या, नाहीतर थेट सर्व्हरवर लॉगिन करून तिथेच बदलायच्या. २००५-०६ च्या सुमारास रुबी ऑन रेल्सच्या वर्तुळातून जेमिस बक यांचं कॅपिस्ट्रानो आलं. त्याची रचना आजही समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक रिलीज स्वतंत्र फोल्डरमध्ये जातो आणि 'करंट' नावाची एक लिंक चालू रिलीजकडे बोट दाखवते. नवा रिलीज पूर्ण चढला की लिंक फिरवायची. बिघडलं तर ती मागच्या फोल्डरकडे वळवायची. रोलबॅक काही सेकंदांत होऊ शकतो, हे अनेकांनी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

सर्व्हर स्वतः कसा असावा, हा प्रश्न समांतर चालला होता. ऑस्लोमध्ये मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिन लिहिलं. सर्व्हरला काय करायचं हे सांगण्यापेक्षा तो अखेरीस कसा दिसायला हवा हे लिहायचं आणि प्रोग्रामने प्रत्यक्षातला फरक मिटवायचा, ही त्यांची दिशा. पपेट, शेफ आणि २०१२ चं अँसिबल यांनी ती पुढे नेली. एकच स्क्रिप्ट दहा वेळा चालवली तरी निकाल तोच यावा, हा गुण इथून या क्षेत्रात रुजला.

मग माणसांमधली भिंत आली. प्रोग्रामरला बदल हवा असतो, सर्व्हर सांभाळणाऱ्याला स्थैर्य. जून २००९ मध्ये व्हेलॉसिटी परिषदेत फ्लिकरचे जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड या दोघांनी एकत्र मंचावर येऊन दिवसाला दहाहून अधिक डिप्लॉयमेंट कशी होतात हे सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेल्जियममधल्या गेंट इथे पॅट्रिक डेबॉइस यांनी पहिली डेव्हऑप्सडेज परिषद भरवली. पुढच्या वर्षी जेझ हंबल आणि डेव्हिड फार्ली यांचं 'कंटिन्युअस डिलिव्हरी' आलं आणि विखुरलेल्या अनुभवांना एक सुसंगत शास्त्र मिळालं. पाइपलाइनविषयी आजही आपण बोलतो ती भाषा बरीचशी त्या पुस्तकाची आहे.

त्यानंतरची वाटचाल वेगाने झाली. लिनस टोरवल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेलं गिट सर्वत्र पसरलं. २०१३ मध्ये डॉकरने ॲप आणि त्याला लागणारी सगळी सामग्री एका इमेजमध्ये बांधणं सोपं केलं. एकदाच बिल्ड करण्याचा नियम पाळायला त्यामुळे हाताशी साधन आलं. २०१४ मध्ये गूगलने अशा इमेज अनेक सर्व्हरवर चालवणारं कुबरनेटीस खुलं केलं. पाइपलाइनची व्याख्याही हळूहळू वेगळ्या सर्व्हरच्या पडद्यावरून उठून रेपोतल्या एका यामल फाइलमध्ये आली. ट्रॅव्हिस सीआय, गिटलॅब आणि २०१९ पासून गिटहब ॲक्शन्स यांनी ही सवय सर्वसामान्य केली. कोड आणि तो लोकांपर्यंत नेण्याची रीत एकाच इतिहासात नोंदली जाऊ लागली.

तीन पद्धती आणि काही मतभेद

आज या क्षेत्रात ढोबळमानाने तीन पद्धती दिसतात.

पहिली ढकलण्याची. पाइपलाइन बाहेरून सर्व्हरवर पोहोचते आणि कमांड चालवते. जेंकिन्स, गिटहब ॲक्शन्स, अँसिबल यांच्यावर उभी असलेली बहुतेक व्यवस्था अशी असते. समजायला सोपी, लहान टीमला पुरेशी. तिचा धोका असा की प्रॉडक्शनच्या किल्ल्या पाइपलाइनच्या हातात द्याव्या लागतात.

दुसरी सोपवण्याची. कोड पुश करायचा; बाकी सगळं प्लॅटफॉर्म पाहतो. २००७ मध्ये सुरू झालेल्या हेरोकूने हा अनुभव घडवला आणि त्याच कंपनीतून २०११ मध्ये ॲडम विगिन्स यांनी लिहिलेली बारा सूत्रं आली. कन्फिगरेशन कोडबाहेर ठेवा, डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शनमधलं अंतर कमी करा, ही त्यातली सूत्रं प्लॅटफॉर्म कुठलाही असो, उपयोगीच पडतात. इथे किंमत मोजावी लागते ती महिन्याच्या बिलात आणि प्लॅटफॉर्मच्या चौकटीत.

तिसरी ओढण्याची, गिटऑप्स नावाने ओळखली जाणारी. हे नाव वीव्हवर्क्सच्या ॲलेक्सिस रिचर्डसन यांनी २०१७ मध्ये रूढ केलं. कुबरनेटीस क्लस्टरच्या आत बसलेला एक प्रोग्राम, आर्गो सीडी किंवा फ्लक्स, रेपोत लिहिलेली स्थिती आणि प्रत्यक्षातली स्थिती यांची सतत तुलना करतो आणि फरक मिटवतो. कुणी हाताने प्रॉडक्शनवर काही बदललं तर तेही उघडं पडतं. बर्जेस यांची १९९३ ची कल्पना इथे पूर्ण बहरलेली दिसते. मात्र दोन सर्व्हर आणि तीन माणसं असलेल्या टीमने नुसत्या फॅशनखातर कुबरनेटीस आणि आर्गो उभं करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सांभाळता न येणारी व्यवस्था पुन्हा एकाच माणसाच्या डोक्यात जाऊन बसते आणि सगळा हेतूच हरवतो.

पद्धतींच्या आडवे जाणारे काही मतभेदही आहेत. शेवटचं बटण माणसाने दाबायचं की नाही, हा त्यातला मोठा. प्रत्येक बदल प्रॉडक्शनला जाण्यायोग्य ठेवायचा पण कधी पाठवायचा हे माणसाने ठरवायचं, ही कंटिन्युअस डिलिव्हरी; टेस्ट उत्तीर्ण झाल्या की बदल थेट जाऊ द्यायचा, ही कंटिन्युअस डिप्लॉयमेंट. सहकारी बँकेचं सॉफ्टवेअर आणि फोटो दाखवणारं ॲप यांचं उत्तर एक असायला नको. दुसरा वाद ब्रँचचा. व्हिन्सेंट ड्रीसेन यांनी २०१० मध्ये मांडलेल्या गिट फ्लोमध्ये अनेक दीर्घायुषी ब्रँच असतात. मुख्य ब्रँचवर रोज लहान बदल मिसळणारे त्याला विरोध करतात. ड्रीसेन यांनीच २०२० मध्ये, सतत डिप्लॉय होणाऱ्या वेब ॲपसाठी याहून सोपी पद्धत वापरा, असं जोडलं.

तिसरा वाद स्टेजिंगच्याच अस्तित्वाचा. काही मोठ्या कंपन्या म्हणतात, प्रॉडक्शनची हुबेहूब प्रत करता येतच नाही. त्यापेक्षा नवा कोड आधी एक टक्का ग्राहकांना द्या, आकडे पाहा, मग वाढवा. हे कॅनरी रिलीज. दोन जुळी प्रॉडक्शन ठेवून रहदारी एकीकडून दुसरीकडे वळवणं, हे ब्लू-ग्रीन. कोड चढवायचा पण सोय बंद ठेवायची आणि नंतर स्विचने उघडायची, हे फीचर फ्लॅग. ही तिन्ही साधनं उत्तम आहेत, पण ती स्टेजिंगला पर्याय ठरण्यासाठी देखरेख तितकीच पक्की लागते आणि पुरेशी रहदारीही लागते. दिवसाला दोनशे माणसं वापरणाऱ्या ॲपचा एक टक्का म्हणजे दोन माणसं. त्यांच्यावरून काहीच कळत नाही. अशा ॲपला चांगलं स्टेजिंगच तारतं.

डेटाबेसचा प्रश्न

कोड मागे घेता येतो, डेटा नाही. ऑटोमेशनच्या बहुतेक आकर्षक प्रात्यक्षिकांत हा भाग टाळलेला असतो, म्हणून त्याच्याकडे इथे वेगळं लक्ष वेधायचं आहे.

समजा, वाचनालयाच्या ॲपमध्ये सभासदाचं नाव एका कॉलममध्ये आहे आणि आता नाव व आडनाव असे दोन कॉलम हवेत. जुना कॉलम काढून नवे दोन केले आणि त्याच वेळी नवा कोड चढवला, तर मधली काही मिनिटं जुना कोड नसलेला कॉलम शोधत राहतो. रोलबॅक करायचा तर जुन्या कोडला परतायला जागाच उरलेली नसते. शहाणा मार्ग टप्प्यांचा. आधी नवे कॉलम वाढवायचे, जुना तसाच ठेवायचा. मग दोन्हीकडे लिहिणारा कोड चढवायचा. जुन्या नोंदी भरून घ्यायच्या. त्यानंतर फक्त नव्या कॉलमवर चालणारा कोड, आणि सगळं स्थिर झाल्यावर जुना कॉलम काढायचा. एका बदलाची चार-पाच डिप्लॉयमेंट होतात. हाताने डिप्लॉय करणारी टीम इतक्या फेऱ्या परवडत नाहीत म्हणून सगळं एकाच धोकादायक घावात उरकते. ऑटोमेशनमुळे फेरी स्वस्त होते, म्हणूनच सावधपणे चालणं शक्य होतं.

बॅकअपबाबत ३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅबमधली घटना प्रत्येकाने अभ्यासावी. दुय्यम डेटाबेस समजून एका अभियंत्याने मुख्य डेटाबेसचं फोल्डर पुसलं. सुमारे ३०० जीबी डेटा गेला. नेहमीचे बॅकअप पोस्टग्रेसच्या आवृत्तीतल्या फरकामुळे होतच नव्हते आणि तसं कळवणारे ईमेल पोहोचत नव्हते. कंपनी सावरली ती एका प्रतीमुळे, जी सहा तासांपूर्वी स्टेजिंगसाठी म्हणून घेतलेली होती. गिटलॅबने हा सगळा तपशील स्वतःहून जाहीर केला, ही त्यांची मोठी देणगी आहे. बॅकअप घेणं आणि तो परत बसवून पाहणं, दोन्ही पाइपलाइनमध्ये लिहिलेलं असायला हवं, हा त्यातला धडा.

आजच का?

पहिलं कारण चुकांच्या किमतीचं. हाताने केलेल्या डिप्लॉयमेंटची किंमत किती असू शकते हे नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाली कंपनीला १ ऑगस्ट २०१२ रोजी कळलं. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. तंत्रज्ञाकडून एक सर्व्हर राहिला. दुसऱ्या कुणी ते तपासावं असा लेखी नियम नव्हता. राहिलेल्या सर्व्हरवर २००३ पासून न वापरलेला एक जुना कोड पडून होता आणि नव्या कोडने नेमका त्याचाच फ्लॅग पुन्हा वापरला होता. बाजार उघडताच तो जुना कोड जागा झाला. पंचेचाळीस मिनिटांत १५४ शेअरांमध्ये चाळीस लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि नुकसान ४६ कोटी डॉलरच्या पुढे गेलं. घाईघाईत सात सर्व्हरवरचा नवा कोड काढून टाकला, तर तिथेही जुना कोड चालू झाला आणि आग वाढली. बाजार उघडण्याआधी सूचना देणारे ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना गेले होते. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ऑटोमेशनने मेलेला कोड आपोआप पुसला नसता. पण आठही सर्व्हरवर एकच आवृत्ती आहे का, हा प्रश्न कुठलीही साधी पाइपलाइन विचारते आणि उत्तर "नाही" आलं तर थांबते.

याच्या उलट बाजूही तितकीच खरी आहे : ऑटोमेशन चुकीचा बदलही त्याच तत्परतेने पोहोचवतं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीची एक सदोष अपडेट फाइल एकाच वेळी सगळीकडे गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले ते त्याच दिवशी. त्यानंतर कंपनीने अशा फाइलीही टप्प्याटप्प्याने पाठवायचं ठरवलं. लहान घास, पाहणी, मग पुढचा घास : हा क्रम पाइपलाइनमध्ये नसेल तर तिचा वेग हाच धोका ठरतो.

दुसरं कारण सुरक्षेचं. प्रॉडक्शनच्या किल्ल्या पाइपलाइनकडे असतात, म्हणून हल्लेखोरांची नजरही तिच्यावर असते. २०२० च्या डिसेंबरमध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात घुसखोरांनी बिल्ड होत असतानाच कोड बदलला होता. रेपो स्वच्छ होता, सहीही अस्सल होती, आणि तो अपडेट जवळजवळ १८,००० ग्राहकांपर्यंत गेला. मार्च २०२५ मध्ये गिटहब ॲक्शन्सवरचा एक लोकप्रिय तयार घटक बिघडवून अनेक रेपोंच्या लॉगमध्ये त्यांची गुपितं छापली गेली. म्हणून बाहेरचे घटक नेमक्या कमिटशी बांधणं, किल्ल्या अल्पायुषी ठेवणं, बिल्ड कुठून आला याचा पुरावा जपणं, हे विषय आता नवख्यांच्याही वाचनात यायला हवेत.

तिसरं कारण कोड लिहिणाऱ्या एआय साधनांचं. कोड लिहिणं सोपं झालं की तपासायला येणाऱ्या कोडचा ढीग वाढतो. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांनी २०१८ च्या 'ॲक्सिलरेट'मध्ये मांडलं होतं की वेग आणि स्थैर्य एकमेकांचे वैरी नसतात. लहान बदल वारंवार पाठवणाऱ्या टीममध्ये ते बरोबरच वाढतात. त्याच संशोधन परंपरेतल्या २०२४ च्या डोरा अहवालाने एआयचा वापर वाढण्याबरोबर डिलिव्हरीचं स्थैर्य काहीसं घटल्याची नोंद केली आणि बदलांचा आकार वाढणं हे त्याचं एक संभाव्य कारण म्हणून सुचवलं. कोड कुणीही लिहो, तो लोकांपर्यंत नेणारा रस्ता अधिक चोख असावा लागणार आहे.

आणि एक कारण आपल्या घरातलं. हिंजवडी-खराडीत परदेशी ग्राहकाच्या सुट्टीच्या दिवशी रिलीज करण्याची प्रथा कितीतरी वर्षं चालू आहे. शनिवार-रविवार कॉलवर गेलेले हजारो संसार आपल्या ओळखीत आहेत. कामाच्या दिवशी, दिवसाउजेडी, सगळी टीम जागेवर असताना न घाबरता डिप्लॉय करता येणं हा तंत्राचा प्रश्न आहे तसा माणसांच्या आयुष्याचाही आहे. त्याचं उत्तर आज उपलब्ध आहे.

या पुस्तकाविषयी

हे पुस्तक कुठल्या एका साधनाची मार्गदर्शिका नाही. साधनं बदलतात, क्रूझकंट्रोल गेलं, वीव्हवर्क्स २०२४ मध्ये बंद झाली, पण फ्लक्स टिकलं आणि त्यामागचा विचारही टिकला. म्हणून तत्त्व आधी आणि साधन मागाहून, असा क्रम आम्ही ठेवला आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका सार्वजनिक वाचनालयाचं छोटं ॲप सोबत राहतं. एका शेल स्क्रिप्टपासून सुरू होऊन ते टेस्ट, इमेज, स्टेजिंग, डेटाबेसचे बदल, गुपितांची व्यवस्था आणि देखरेख यांतून प्रॉडक्शनपर्यंत जातं. प्रत्येक टप्प्यावर आधी हाताने करून पाहायचं, काय दुखतं ते ओळखायचं आणि मग तेवढंच ऑटोमेट करायचं, अशी रीत आहे. न समजलेलं काम ऑटोमेट केलं तर गोंधळही आपोआप होऊ लागतो.

वाचक म्हणून डोळ्यांसमोर आहेत ते सांगली-जळगाव-नांदेडच्या महाविद्यालयांतून नुकते बाहेर पडलेले विद्यार्थी, नाशिक-कोल्हापुरात दोन-चार जणांच्या जोरावर स्थानिक दुकानं, पतसंस्था, दवाखाने यांचं सॉफ्टवेअर सांभाळणारे, आणि मोठ्या कंपनीत पाइपलाइन वापरूनही तिच्या आत काय चालतं हे कधी न पाहिलेले अभियंते. या विषयाचं चांगलं साहित्य बहुतेक इंग्रजीत आहे आणि ते मोठ्या कंपन्यांच्या अनुभवातून आलेलं आहे. पाच हजार रुपयांचा सर्व्हर आणि तीन माणसांची टीम यांना त्यातलं काय लागू पडतं, काय नाही, हे निवडून सांगणं ही आमची जबाबदारी आम्ही मानली. तांत्रिक शब्द कामाच्या ठिकाणी बोलले जातात तेच ठेवले आहेत, कारण वाचकाला उद्या त्याच शब्दांत सहकाऱ्यांशी बोलायचं आहे.

या पुस्तकाची फलश्रुती मोजायची तर एका कसोटीवर मोजावी. वाचून झाल्यावर तुमच्या टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाला रेपो उघडून सांगता यावं की प्रॉडक्शनवर आत्ता नेमकं काय चालू आहे, ते तिथे कसं पोहोचलं आणि बिघडलं तर मागे कसं यायचं. हे तिघांनाच सांगता येत असेल तर काम अपुरं आहे. सगळ्यांना सांगता येत असेल तर वेग आपोआप येईल. त्याची सुरुवात आजच करता येते : शेवटच्या रिलीजला ज्या कमांड हाताने टाइप केल्या, त्या क्रमाने एका फाइलमध्ये लिहा, ती फाइल रेपोत कमिट करा आणि सहकाऱ्याला वाचायला द्या.